तिसऱ्या ओळीतल्या दोन खुंट्या

मी एक जुना खुंट्यांचा फळा आहे, मित्रांनो. खडूने लिहितात त्या फळ्यांच्या नात्यातला असलो तरी माझ्यावर आजवर कोणी अक्षर काढलेले नाही. माझ्या अंगभर ओळीने भोके आहेत आणि त्या भोकांत लाकडी खुंट्या बसवलेल्या आहेत. खुंटीला दोरा बांधायचा, सोडायचा, खुंटी उपटायची आणि दुसरीकडे बसवायची, एवढेच माझ्यावर चालणारे काम. ऐकायला हा पोरखेळ वाटेल. पण याच पोरखेळामुळे एका माणसाचा जीव वाचला, आणि ते मला तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म एका म्हाताऱ्या सुताराच्या दुकानात झाला. त्यांची मुलगी पाणीखात्याच्या कचेरीत, नकाशाविभागात काम करायची. तिला तिथे सगळे बाई म्हणत, म्हणून मीही बाईच म्हणतो. बाईंचा थोरला भाऊ त्याच खात्यात फिटर होता. रस्ता खणून खड्ड्यात उतरायचे आणि फुटलेला पाइप सांधायचा, हे त्याचे काम. बाई त्याला दादा म्हणत आणि पुढे सगळी कचेरीच त्याला दादा म्हणू लागली.

फळी तासून झाल्यावर सुतार थांबले. आधी रंग द्यावा की आधी भोके पाडावीत, असे त्यांनी मुलीला विचारले. बाई हसल्या आणि म्हणाल्या की बाबा, मी कचेरीत दिवसभर हाच प्रश्न सोडवत असते. सुतारांना हसू आले नाही. ते कामाच्या वेळी हसत नसत. रंधा बाजूला ठेवून ते म्हणाले, "समोरून बघशील तर दोन्ही फळे सारखेच दिसतील. पण भोकं पाडून रंग दिला तर रंग आत जाऊन बसतो, आणि मग खुंटी आत जायला नाही म्हणते. हे बघून कळत नाही, हात लावल्यावर कळतं." त्यांनी आधी रंग दिला, तो वाळू दिला आणि मग एकेक भोक पाडले. माझ्या भोकांच्या कडा थोड्या टवकल्या, पण खुंट्या अशा बसल्या की आजही त्या हलत नाहीत.

आता बाईंचा प्रश्न काय होता ते सांगतो. शहराच्या पोटात पाइपांचे मोठे जाळे असते. त्याचा नकाशा म्हणजे मांजराने खेळून टाकलेला लोकरीचा गुंडा. कुठे पाइप फुटल्याचा फोन आला की पाळीवरच्या माणसाने त्या गुंत्यातून नेमका व्हॉल्व्ह शोधायचा, आणि तो शोधेपर्यंत रस्त्याची नदी व्हायची. म्हणून खात्याने ठरवले की कॉम्प्युटरने हा नकाशा आपणहून सोपा करून दाखवावा. त्यासाठी त्याला नियम द्यायचे होते. एक नियम असा, की मध्ये फाटा नाही, व्हॉल्व्ह नाही, नुसताच सांधा आहे, तर तो सांधा काढा आणि दोन पाइपांचा एकच दाखवा. दुसरा असा, की ज्या तुकड्याच्या पुढे काहीच नाही तो गाळा. असे नियम लावत जायचे, आणि आणखी काही लावता येईनासे झाले की थांबायचे. उरेल ते सोपे चित्र.

नियम एकेकटे पाहिले तर सगळेच शहाणे. भांडण होते ते दोघे एकाच जागी आले की. एकाच सांध्यावर दोन नियम हात टाकतात तेव्हा आधी कोणाला लावायचे? याला आधी लावले तर एक वाट, त्याला आधी लावले तर दुसरी वाट. त्या वाटा पुढे जाऊन पुन्हा एकाच चित्राला मिळाल्या तर ठीक. नाही मिळाल्या, तर सकाळी एक चित्र दिसेल आणि संध्याकाळी दुसरे. दोन नियम भिडतात त्या जागेला बाई टक्कर म्हणत आणि वाटा पुन्हा एकत्र आल्या की संगम झाला म्हणत. अख्ख्या शहराचा नकाशा तपासायला एक जन्म पुरला नसता. पण बाईंना माहीत होते की टक्कर होईल अशा लहान लहान जागाच तेवढ्या तपासायच्या असतात. मी त्यासाठीच होतो. माझी खुंटी म्हणजे सांधा, दोरा म्हणजे पाइप आणि खुंटीत अडकवलेला तांबडा मणी म्हणजे व्हॉल्व्ह.

ते माझे भरभराटीचे दिवस होते, मित्रांनो. बाई डाव्या अंगाला एक वाट मांडत आणि उजव्या अंगाला दुसरी. त्यांच्या शेजारी चष्मेवाले बसत. हे बाईंचे सहकारी. चष्मा इतका जाड की तो काढला की ते माझ्याऐवजी भिंतीशी बोलत. एकदा दोघांना अशी जागा सापडली की एक नियम फाटा गाळायला निघाला होता आणि दुसरा त्याच फाट्यावरचा व्हॉल्व्ह राखायला. ज्याचा नंबर आधी, त्याचे राज्य. दोघांनी मिळून ते नियम पुन्हा मांडले आणि संगम झाला तेव्हा चष्मेवाल्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मोठे साहेब पाहुण्यांना घेऊन येत आणि माझ्याकडे बोट दाखवत. मी तेव्हा थोडा शेफारलो होतो, हे कबूल.

पण मी संथ होतो. दोरे सोडायचे, बांधायचे, गाठ बसली की नखाने उकलायची. चष्मेवाल्यांनी मग एक प्रोग्रॅम लिहिला. तो टकरी आपणच शोधायचा, दोन्ही वाटा शेवटापर्यंत न्यायचा, शेवटची दोन चित्रे एकमेकांवर ठेवून पाहायचा आणि बसली की पडद्यावर लिहायचा, "जुळलं." चहाचा कप रिकामा होण्याआधी त्याचे काम संपायचे. चष्मेवाले हुशार होते आणि प्रोग्रॅमही चोख होता. मला त्याच्याविषयी आकस नाही.

मला भिंतीवरून काढून दाराशेजारी टांगले. खुंट्या होत्याच, त्यामुळे लोक त्यांवर छत्र्या अडकवू लागले. मग पिशव्या आल्या, शिपायाची टोपी आली, पुसायचे फडके आले. ज्या खुंट्यांवर शहराचे पाणी वाहिले होते, त्यांवरून आता छत्र्यांचे पाणी ओघळायचे. बाई येता-जाता माझ्याकडे पाहत आणि पुढे जात. सुतार तोपर्यंत वारले होते. त्यांनी मला या अवस्थेत पाहिले नाही, याचे मला बरेच वाटते. बाईंनी एकदा तरी ते फडके काढायला हवे होते, असे मात्र मला वाटायचे, आणि अजूनही वाटते.

मी छत्र्या सांभाळत असतानाच तिसरा नियम आला. तो बाईंचाच. एकाच पाइपवर लागोपाठ दोन व्हॉल्व्ह असतील तर त्यांतला एक काढा, एक ठेवा. कोणताही बंद केला तरी त्या पाइपातून पाणी पलीकडे जात नाहीच, मग चित्रात दोन कशाला? दादाच्या माणसांचा शोधण्यातला वेळ वाचेल, हा त्यातला हेतू. प्रोग्रॅमने हा नियम आधीच्या प्रत्येक नियमाशी भिडवून पाहिला. तो स्वतःशीसुद्धा भिडवून पाहिला, कारण एखादा नियम स्वतःशीही भांडू शकतो हे या दोघांना पक्के ठाऊक होते. हा व्हॉल्व्ह काढून तो ठेवला, तर एका पाइपवर एक व्हॉल्व्ह. तो काढून हा ठेवला, तरी एका पाइपवर एक व्हॉल्व्ह. दोन्ही चित्रे एकमेकांवर अचूक बसली. पडद्यावर "जुळलं" आले आणि बाईंनी खाली सही केली.

त्यानंतर एका पावसाळी संध्याकाळी दादा बहिणीला न्यायला आला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाजाराच्या मागचा मोठा पाइप उघडायचा होता. त्याला मध्येच गळती लागली होती. नव्या चित्रावरून होणारे ते पहिलेच काम, आणि खड्ड्यात उतरणार होता दादा. चित्रात त्या पाइपवर एकच व्हॉल्व्ह दाखवला होता. तो आवळायचा आणि उतरायचे, इतके सोपे झाले होते. दादाने आल्याबरोबर आपली काळी छत्री माझ्या तिसऱ्या ओळीतल्या एका खुंटीला अडकवली. शेजारच्या खुंटीला चष्मेवाल्यांची छत्री होती, तीही काळी आणि तशाच वाकड्या मुठीची. बहीणभाऊ आत बोलत बसले, तेवढ्यात चष्मेवाले घरी निघाले आणि जाताना एक छत्री घेऊन गेले.

थोड्या वेळाने दोघे दाराशी आले. दादाने माझ्याकडे पाहिले आणि तो घुटमळला. बाई म्हणाल्या की चल, छत्री घे, उशीर होतोय.

"छत्री आहे गं, पण माझी नाही," दादा म्हणाला. "मी या खुंटीला लावली होती. ही शेजारची राहिली."

बाईंनी सांगितले की चष्मेवाल्यांनी चुकून नेली असेल, आज ही वापर, सारखीच तर आहे. दादाने ती उघडायचा प्रयत्न केला. ती अर्ध्यावरच अडकली. तो हसला आणि म्हणाला, "गंमत बघ. त्यांनी कुठलीही नेली असती तरी फळ्यावर एक छत्री उरलीच असती. लांबून बघणाऱ्याला काय फरक? पण भिजायचं कोणी, ते त्यात ठरलं ना."

बाईही हसल्या, आणि हसता हसता थांबल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी पाहिला. त्यांनी दादाच्या हातातली छत्री घेतली, ती जमिनीवर टाकली आणि माझ्यावरचे सगळे भराभर उतरवायला लागल्या. पिशव्या, टोपी, फडके सगळे खाली आले. दादाला वाटले की बहिणीला बरे वाटत नाही. त्याने खुर्ची पुढे केली. ती त्यांनी पाहिलीही नाही. कपाटाच्या तळाशी दोऱ्याचे रीळ आणि मण्यांची डबी अजून होती.

त्या दोरा बांधत असतानाच चष्मेवाले परत आले. उजव्या खांद्यावर थोडे भिजलेले आणि बरेच ओशाळलेले. ही छत्री एका झटक्यात उघडली, तेव्हाच कळले की ही माझी नाही, असे ते सांगू लागले. बाईंनी मान वर केली नाही. तिसऱ्या ओळीत त्यांनी एक सरळ पाइप मांडला आणि शेजारशेजारच्या दोन खुंट्यांत दोन तांबडे मणी अडकवले. डाव्या मण्याच्या पलीकडे पाण्याची टाकी होती. दोन मण्यांच्या मधल्या दोऱ्याला त्यांनी एक गाठ मारली.

"दादा, ही गाठ म्हणजे तू," त्या म्हणाल्या. "गळती इथे आहे. उद्या तू इथे असशील."

मग त्यांनी आपला नियम लावला. उजवा मणी काढला, डावा ठेवला. डावा बंद केला की टाकीचे पाणी गाठीपर्यंत येत नव्हते. त्यांनी पुन्हा दोन्ही मणी बसवले आणि तोच नियम दुसऱ्या अंगाने लावला. डावा काढला, उजवा ठेवला. आता उजवा बंद केला तरी टाकीचे पाणी सरळ गाठीवर येत होते. चित्र मात्र तेच होते. एक पाइप, एक मणी.

चष्मेवाल्यांनी वाकून दोन्ही खुंट्या पाहिल्या. मग म्हणाले की आपण हे तपासलेय, नियम स्वतःशीसुद्धा तपासलाय, जुळलेय. त्यांच्या आवाजात राग नव्हता, विनवणी होती. कित्येक महिन्यांची मेहनत त्यांच्या डोळ्यांसमोर असणार.

"आकार जुळलाय हो," बाई म्हणाल्या. "कोणता राहिला ते कुठे विचारलं आपण? दोन्ही चित्रं एकमेकांवर बसतात. त्यात दादा कोरडा आहे की पाण्याखाली, ते बसत नाही."

चष्मेवाल्यांनी चष्मा काढून पुसला. त्यांना त्याशिवाय काही दिसत नाही, हे मी सांगितलेच आहे. तरीही त्यांनी चाचपडत माझ्यावर हात फिरवला, मणी कोणत्या खुंटीत आहे ते बोटाने पाहिले, तो काढून शेजारच्या खुंटीत घातला आणि पुन्हा बोटाने पाहिले. मग चष्मा चढवून ते म्हणाले, "साहेबांना फोन मी करतो. प्रोग्रॅम माझा आहे." बाई म्हणाल्या की सही माझी आहे. शेवटी दोघांनी मिळून केला.

साहेब चिडले. फोनमधला त्यांचा आवाज मला दारापर्यंत ऐकू येत होता. सकाळी वरचे अधिकारी येणार होते, सगळे ठरले होते, आणि तपासून सही झालेल्या गोष्टीवर आता एका छत्रीमुळे पाणी फिरवायचे का, असे ते विचारत होते. बाईंनी सगळे ऐकून घेतले. मग त्या शांतपणे म्हणाल्या, "सही माझी आहे, ती मी मागे घेते. आणि खड्ड्यात उतरणारा माझा भाऊ आहे म्हणून नाही सांगत. दुसरा कोणी असता तरी हेच सांगितलं असतं." साहेब काम पुढे ढकलायला तयार नव्हते. शेवटी असे ठरले की चित्र खरे की खोटे ते कळावे म्हणून चित्रातला एकच व्हॉल्व्ह आवळायचा, पण कोणीही खाली उतरायचे नाही. आधी वर उभे राहून पाहायचे.

दादा इतका वेळ दोऱ्यातल्या त्या गाठीकडे पाहत होता. निघताना त्याने ती सोडली नाही. तशीच राहू दिली.

दुसऱ्या दिवशीची सकाळ मला फार जड गेली. बाई टेबलाशी बसल्या होत्या पण काम करत नव्हत्या. चष्मेवाले खिडकीशी जात, परत येत, पुन्हा जात. पायऱ्यांवर बुटांचा आवाज आला की दोघांचीही मान दाराकडे वळायची. चित्रावरून माणसे रस्त्यातल्या ज्या व्हॉल्व्हपाशी पोचतील तो टाकीकडचा की त्याच्या पुढचा, हे त्या दोघांनाही ठाऊक नव्हते, कारण दोनांतला कोणता राखला याची खूणच कॉम्प्युटर ठेवत नव्हता. तो डावाही असू शकत होता. मग सगळे सुरळीत झाले असते, बाई वेड्या ठरल्या असत्या आणि पुढच्या कामाला कोणी वर थांबले नसते.

दुपारी दादा आला. त्याच्या बुटांना चिखल होता, पण कपडे कोरडे होते. बाईंनी आधी कपडेच पाहिले.

"चित्रातला व्हॉल्व्ह पुरता आवळला," दादा म्हणाला. त्याचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "आणि सांध्याचे बोल्ट लांब दांड्याने वरूनच सैल केले. खड्डा बघता बघता काठोकाठ भरला गं. मी काठावर उभा होतो. मग टाकीकडचा आवळला, चित्रात नव्हता तो. तेव्हा थांबलं."

बाई उठल्या, भावाजवळ गेल्या आणि त्याच्या कोरड्या बाहीला धरून उभ्या राहिल्या. चष्मेवाल्यांनी तोंड भिंतीकडे केले. या वेळी मात्र त्यांच्या डोळ्यांवर चष्मा होता.

त्याच आठवड्यात मला पुन्हा भिंतीवर चढवले. बाईंनी प्रत्येक मण्याला वेगळी खूण केली, आणि नियम काहीही करो, मण्याची खूण मण्याबरोबर गेलीच पाहिजे असे ठरवले. प्रोग्रॅमही चष्मेवाल्यांनी बदलला. दोन चित्रे जुळली एवढ्यावर तो आता समाधान मानत नाही. या चित्रातली ही खुंटी म्हणजे त्या चित्रातली तीच खुंटी का, असे तो विचारतो. तिसरा नियम तर त्यांनी मोडूनच टाकला. मधला तुकडा दिसेल अशा रीतीने दोन्ही व्हॉल्व्ह राखायचे ठरले. आधीच्या सगळ्या टकरी पुन्हा पहिल्यापासून तपासल्या गेल्या, निम्म्या त्यांच्याकडे आणि निम्म्या माझ्याकडे. लोकांनी छत्र्यांसाठी दुसरी सोय केली. शिपायाने आपली टोपी नेली तेव्हा माझ्यावरची धूळ त्याच फडक्याने पुसून दिली. फडक्यावरचा माझा राग तेव्हा गेला.

बाई निवृत्त झाल्या त्या दिवशी दादा त्यांना न्यायला आला होता. तो स्वतः त्याआधीच निवृत्त झाला होता. बाहेर पाऊस होता. दादाने छत्री माझ्या तिसऱ्या ओळीत, त्याच खुंटीला अडकवली, आणि मला दिसले की तिच्या मुठीला एक तांबडा मणी बांधलेला आहे. त्यावर बाईंनीच केलेली खूण होती. चष्मेवाल्यांनी जाताना ती उचलली, मणी बोटाने चाचपला आणि हसून परत जागेवर ठेवली.

आता या खोलीत नवी माणसे आहेत. चांगली आहेत, भराभर काम करतात. माझे काम फारसे निघत नाही. लवकरच खोली रंगवणार आहेत, आणि मला ठेवायचे की टाकायचे यावर परवा बोलणे चालले होते. मी लाकूड आहे, कधीतरी जाईनच. पण जुने अवजार टाकण्याआधी त्याने कोणाला सांभाळले होते ते एकदा विचारा, एवढीच माझी विनंती आहे.

आणि या खोलीत कधी आलात तर माझ्या तिसऱ्या ओळीपाशी थांबा. तिथे शेजारशेजारच्या दोन खुंट्या आहेत आणि दोन्हींच्या बुडाशी दोऱ्याने घासून रंग उडालेला आहे. त्यांच्यामध्ये गाठ मारलेला दोरा अजून आहे, तो दादाने कोणालाच सोडू दिला नाही. एका खुंटीने दादा खड्ड्यात बुडाला असता, दुसरीने तो कोरडा राहिला असता. लांबून पाहिले तर दोन्ही अगदी सारख्या दिसतात, मित्रांनो. तेवढ्यावर जाऊ नका. जवळ या आणि हात लावून पाहा.